युरोपातील बहुदेशीय नवोपक्रम प्रकल्पांसाठी सार्वजनिक अनुदान कसे मिळवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नेदरलँड्समधील आपली कंपनी वापरून झालेल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांमधून धातू परत मिळवण्याची नवी प्रक्रिया विकसित करते आहे. जर्मनीतील एक संशोधन संस्था आणि पोलंडमधील बॅटऱ्या गोळा करणारी एक कंपनी आपल्याबरोबर यायला तयार आहे. चार वर्षांचा, साठ-सत्तर लाख युरोंचा प्रकल्प डोळ्यांसमोर आहे आणि पुण्यातील उपकंपनीच्या अभियंत्यांनाही त्यात सामावून घ्यायचे आहे. यासाठी युरोपीय अनुदान कसे मिळवावे आणि प्रस्ताव लिहून देणारा सल्लागार आत्ताच नेमावा का, असे आपण विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सल्लागार आत्ता नेमू नये. हे अनुदान मिळणार की नाही याचा बराचसा निकाल अर्ज मागवले जाण्यापूर्वीच लागलेला असतो. प्रकल्पातून निघणारी गोष्ट शेवटी कोण वापरणार, त्यासाठी कोणता भागीदार नेमके काय करणार आणि कोणाला काय मिळणार, या तीन गोष्टी भागीदारांनी आपसांत पक्क्या केलेल्या असतील तर प्रस्ताव लिहिणे हे मेहनतीचे पण आटोक्यातले काम ठरते. त्या पक्क्या नसतील तर कितीही सराईत लेखणी लावली तरी परीक्षकाला ती पोकळी दिसते. ही चर्चा सल्लागार आपल्या वतीने करू शकत नाही.

आता कोणत्या दाराने जायचे ते पाहू. ‘युरोपीय अनुदान’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या स्वभावाच्या योजना येतात, आणि चुकीच्या योजनेमागे एक वर्ष घालवणे हे या क्षेत्रातले सर्वांत सामान्य नुकसान आहे.

मोठा आणि अनेक देशांचा प्रकल्प म्हटला की अलीकडे अनेकांना ‘आयपीसीईआय’, म्हणजे समान युरोपीय हिताचे महत्त्वाचे प्रकल्प, आठवतात. बॅटरी उद्योगात तर हे नाव सर्वतोमुखी आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये सात देशांच्या ३.२ अब्ज युरोंपर्यंतच्या आणि २०२१ च्या जानेवारीत बारा देशांच्या २.९ अब्ज युरोंपर्यंतच्या सरकारी मदतीला युरोपीय आयोगाने मंजुरी दिली. मात्र त्यात आयोग स्वतः पैसे देत नाही. पैसे त्या-त्या देशाच्या तिजोरीतून येतात आणि आयोग फक्त एवढेच तपासतो की ही मदत युरोपीय संघाच्या कार्यपद्धतीविषयक कराराच्या कलम १०७ मध्ये बसते का आणि स्पर्धेला बाध आणते का. आपल्या सरकारने निवडल्याखेरीज त्यात प्रवेश नाही. सध्याच्या नियमांप्रमाणे सर्वसाधारणपणे किमान चार सदस्य देशांचा सहभाग लागतो. मदतीशिवाय प्रकल्प का उभा राहू शकत नाही, हे रोख प्रवाहाच्या तपशिलासह सिद्ध करावे लागते, आणि मोठी मदत घेतलेला प्रकल्प अपेक्षेपेक्षा जास्त फायद्यात गेला तर मदतीचा काही भाग परतही करावा लागू शकतो. ही सारी प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते. आपल्या प्रकल्पाच्या आकाराला हे वस्त्र फार मोठे होईल.

दुसऱ्या टोकाला ‘युरोस्टार्स’ आहे. संशोधन करणाऱ्या लघु-मध्यम उद्योगाने नेतृत्व करायचे, किमान दोन देशांतील दोन स्वतंत्र भागीदार घ्यायचे, ३६ महिन्यांच्या आत प्रकल्प संपवायचा आणि त्यानंतर दोन वर्षांत उत्पादन बाजारात आणायचे, अशी ती योजना आहे. येथेही प्रत्येक भागीदाराला पैसे त्याच्या-त्याच्या देशाकडून मिळतात, त्यामुळे एका देशाचा निधी संपला तर उत्तम प्रकल्पही अडकतो. चार वर्षांचा आपला बेत त्यात बसत नाही. प्रक्रियेचा एखादा छोटा भाग आधी सिद्ध करून घ्यायचा असेल तर मात्र ही योजना फार उपयोगी आहे. पण कंपनी खरोखर लघु-मध्यम आहे का, ते आधी तपासावे. २५० पेक्षा कमी कर्मचारी ही मोजणी करताना मालक कंपनी आणि उपकंपन्यांचे, म्हणजे पुण्याचेही, कर्मचारी धरावे लागतात. येथे अनेकांचा अंदाज चुकतो.

कार्बन उत्सर्जन परवान्यांच्या उत्पन्नातून चालणारा ‘इनोव्हेशन फंड’ कारखाना उभारण्याच्या टप्प्यासाठी आहे. त्यात संबंधित खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते, परंतु तंत्रज्ञान जवळजवळ परिपक्व असावे लागते. त्याचा विचार पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवावा. युरोपीय नवोपक्रम परिषदेची ‘अ‍ॅक्सिलरेटर’ योजना मुख्यतः एकेकट्या कंपनीसाठी आहे, म्हणून ती येथे बाजूला ठेवतो.

राहिला तो ‘होरायझन युरोप’. २०२१ ते २०२७ या काळासाठी सुमारे ९५ अब्ज युरोंचा म्हणून मांडलेला आणि पुढे काहीसा कापला गेलेला हा युरोपीय संघाचा संशोधन व नवोपक्रमाचा कार्यक्रम. त्याच्या दुसऱ्या स्तंभातील, म्हणजे दुसऱ्या मुख्य विभागातील, हवामान, ऊर्जा व वाहतूक या गटात बॅटरी पुनर्वापराचे विषय येत राहिले आहेत. आपले दार हेच आहे.

किमान अट सोपी आहे. तीन वेगवेगळ्या देशांतील तीन परस्पर स्वतंत्र संस्था हव्यात, ते देश संघाचे सदस्य किंवा कार्यक्रमाशी संलग्न (म्हणजे संघाबाहेरचे, पण करार करून कार्यक्रमात सामील झालेले) असावेत आणि तिघांपैकी किमान एक संस्था सदस्य देशातली असावी. नेदरलँड्स, जर्मनी आणि पोलंड मिळून ही अट कागदावर पूर्ण होते. पण ती प्रवेशाची पायरी आहे. साठ-सत्तर लाखांच्या प्रकल्पात प्रत्यक्षात दहा-बारा भागीदार दिसतात आणि त्यामागे कारण असते, कारण विषयाच्या, म्हणजे ज्या कामासाठी आयोग प्रस्ताव मागवतो त्याच्या, मजकुरातील प्रत्येक अपेक्षा पूर्ण करायला कोणीतरी सक्षम माणूस लागतो.

म्हणून पहिले काम म्हणजे त्या मजकुराचे वाचन. कार्यपत्रिकेतील, म्हणजे असे विषय जाहीर करणाऱ्या आयोगाच्या दस्तऐवजातील, प्रत्येक विषयात ‘अपेक्षित फलिते’ आणि ‘व्याप्ती’ असे दोन भाग असतात. फलिते म्हणजे प्रकल्प संपल्यावर जगात काय बदललेले असावे, आणि व्याप्ती म्हणजे प्रकल्पात काय करावे. बहुतेक तंत्रज्ञ व्याप्ती बारकाईने वाचतात आणि फलितांवरून नुसती नजर फिरवतात. गुण मात्र दोन्हींवर मिळतात. दोन्ही भाग वाक्यावाक्याने तोडून एका तक्त्यात मांडावेत आणि प्रत्येक वाक्यासमोर जबाबदार भागीदाराचे नाव लिहावे. जेथे नाव लिहिता येत नाही तेथे आपल्याला भागीदार शोधायचा आहे. आपल्या बाबतीत, परत मिळवलेल्या निकेल-कोबाल्टपासून कॅथोडचे (बॅटरीच्या धन टोकाचे) द्रव्य बनवणारा आणि त्यातून सेल बनवून तपासणारा असे दोन भागीदार तरी या तक्त्यातून निघतील असे वाटते. पर्यावरणीय जीवनचक्राचे मूल्यमापन करणाराही लागेल. त्याच मजकुरात या विषयासाठी एकूण किती रक्कम आहे आणि साधारण किती प्रकल्प घेतले जातील, हेही दिलेले असते. दोनच प्रकल्प घेणार असतील तर पहिल्या दोघांत यावे लागेल, आणि तसा विश्वास वाटत नसेल तर त्या फेरीत दुसऱ्या कोणाच्या गटात भागीदार म्हणून शिरणे शहाणपणाचे.

भागीदार निवडताना कागदी पात्रता वेळीच तपासावी. ब्रिटन १ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संलग्न आहे, नॉर्वे आणि तुर्कस्तानही संलग्न आहेत. दक्षिण कोरिया आणि कॅनडा फक्त दुसऱ्या स्तंभापुरते संलग्न आहेत, आणि ते आपल्याला पुरेसे आहे. उलट हंगेरी सदस्य देश असूनही, तेथील सार्वजनिक हिताच्या न्यासांकडे सोपवलेल्या विद्यापीठांशी नवे करार करायला २०२२ च्या डिसेंबरमध्ये संघाच्या परिषदेने मनाई केली. ओळखीचे प्राध्यापक आहेत म्हणून असे विद्यापीठ गटात घेतले आणि हे शेवटच्या आठवड्यात लक्षात आले, तर कामाची सगळी वाटणी विस्कटते. विद्यापीठे, संशोधन संस्था आणि सरकारी संस्था यांच्याकडे स्त्री-पुरुष समानतेचा संमत आराखडा असणेही बंधनकारक आहे, तोही आधीच मागून घ्यावा.

समन्वयक कोणी व्हावे? आपल्या कंपनीने असा प्रकल्प पूर्वी चालवलेला नसेल तर जर्मन संस्थेला समन्वयक होऊ द्यावे, असा माझा आग्रह आहे. समन्वयकाच्या हातात वाटाघाटी, अहवाल आणि पैशांचे वाटप येते, आणि त्यासाठी अनुभवी कचेरी लागते. आपले तांत्रिक नेतृत्व त्यामुळे कमी होत नाही. प्रक्रियेच्या प्रत्यक्ष चाचणीचे वर्क पॅकेज, म्हणजे प्रकल्पातील कामाचा तो स्वतंत्र भाग, आपल्याकडे ठेवावे.

प्रस्तावाला तीन निकषांवर प्रत्येकी पाचपैकी गुण मिळतात: उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणी. सर्वसाधारणपणे प्रत्येकात किमान तीन आणि एकूण पंधरापैकी दहा गुण लागतात. दहा गुणांनी प्रस्ताव फक्त पात्र ठरतो. चुरशीच्या विषयात तेराच्या वर गेल्याशिवाय पैशांची आशा धरू नये. ‘नवोपक्रम कृती’, म्हणजे बाजाराच्या जवळ पोहोचलेल्या कामासाठीच्या प्रकल्पप्रकारात, क्रमवारी लावताना परिणामाच्या गुणांना दीडपट वजन असते, आणि आपला प्रकल्प बहुधा याच प्रकारात मोडेल. उद्योगांचे प्रस्ताव सर्वाधिक पडतात ते नेमके येथे, म्हणून या भागाकडे जरा जवळून पाहू.

एखादा प्रस्ताव परिणामाखाली लिहितो: ‘या प्रकल्पामुळे युरोपच्या हरित परिवर्तनाला चालना मिळेल आणि चक्रीय अर्थव्यवस्था बळकट होईल.’ हे वाक्य कोणत्याही प्रस्तावात चालेल, म्हणून त्याला गुण नाहीत. याऐवजी सुरुवात कायद्यापासून करावी. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमनाप्रमाणे टाकाऊ बॅटऱ्यांतील लिथियमपैकी २०२७ च्या अखेरपर्यंत ५० टक्के आणि २०३१ च्या अखेरपर्यंत ८० टक्के परत मिळवणे बंधनकारक आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या नव्या बॅटऱ्यांत २०३१ च्या ऑगस्टपासून किमान १६ टक्के कोबाल्ट, ६ टक्के लिथियम आणि ६ टक्के निकेल पुनर्प्राप्त असावे लागेल. आता आपल्या प्रक्रियेने आज प्रयोगशाळेत किती लिथियम परत मिळते, प्रकल्पाअखेर दररोज किती किलो काळी भुकटी (बॅटऱ्या दळून मिळणारे धातूयुक्त मिश्रण) हाताळणाऱ्या संयंत्रावर ते प्रमाण किती असेल, तो माल कॅथोड बनवणारा भागीदार कोणत्या शुद्धतेच्या अटीवर घेईल आणि कारखान्याच्या पातळीला जायला नंतर कोण, किती आणि केव्हा गुंतवणूक करील, ही साखळी आकड्यांनिशी जोडावी. प्रत्येक आकडा कुठून आला तेही सांगावे. परीक्षक हे त्या क्षेत्रातले जाणकार असतात, आणि गृहीतक उघड मांडलेले असले तर सावध आकड्यालाही ते मान देतात.

जोखमीबद्दलही मोकळेपणाने लिहावे. २०२५ च्या मार्चमध्ये नॉर्थव्होल्टने स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केल्यानंतर, एका मोठ्या बॅटरी उत्पादकावर विसंबून मांडलेले बाजाराचे गणित कोणीही जाणकार डोळे मिटून मान्य करणार नाही. खरेदीदार दोन दाखवावेत. पोलंडच्या भागीदाराकडून येणारा टाकाऊ माल कमी पडला तर काय करणार, हे त्याच परिच्छेदात सांगावे.

उत्कृष्टतेच्या भागाबद्दल फारसे सांगत नाही, कारण तो आपल्याला येतोच. इतकेच की आजच्या सर्वोत्तम पद्धतीच्या तुलनेत आपण नेमके कुठे पुढे आहोत हे एका तक्त्यात दाखवावे, आणि पानांची मर्यादा काटेकोर पाळावी, कारण मर्यादेपलीकडची पाने परीक्षकांना दाखवलीच जात नाहीत.

पैशांचे गणित मात्र नीट समजून घ्यावे. ‘संशोधन व नवोपक्रम कृती’त, म्हणजे संशोधनावर भर असलेल्या दुसऱ्या प्रकल्पप्रकारात, सर्वांना पात्र खर्चाच्या १०० टक्के मिळतात. ‘नवोपक्रम कृती’त नफा कमावणाऱ्या कंपनीला ७० टक्के आणि ना-नफा संस्थेला १०० टक्के मिळतात. थेट खर्चावर अप्रत्यक्ष खर्च म्हणून सरसकट २५ टक्के धरले जातात, आणि त्यात उपकंत्राटाची रक्कम मोजली जात नाही. समजा, आपले पगार, साहित्य, प्रवास आणि यंत्रांचा घसारा मिळून थेट खर्च ८ लाख युरो आहे. त्यावर २ लाख अप्रत्यक्ष, म्हणून एकूण १० लाख, आणि ७० टक्क्यांनी अनुदान ७ लाख. उरलेले ३ लाख कंपनीने स्वतः घालायचे आहेत, आणि संचालक मंडळाने ते लेखी मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये. यंत्रांच्या बाबतीत धक्का बसतो तो घसाऱ्यामुळे. ५ लाखांचे यंत्र दहा वर्षांच्या घसाऱ्याने हिशेबात असेल आणि प्रकल्पात पूर्णवेळ तीन वर्षे वापरले, तर पात्र खर्च दीड लाखच होतो. विषयात संपूर्ण किंमत मान्य असल्याचे स्पष्ट लिहिलेले असेल तरच हा नियम बदलतो. पगाराचा दर काढताना वर्षाच्या खर्चाला २१५ दिवसांनी भागतात. म्हणजे ज्या अभियंत्यावर कंपनीचे वर्षाला ८६ हजार युरो खर्च होतात, त्याचा दिवस ४०० युरोंचा.

अलीकडे अनेक विषयांत ठोक रकमेची पद्धत आली आहे आणि ती वाढते आहे. तीत तपशीलवार अंदाजपत्रक प्रस्तावाबरोबरच द्यावे लागते, परीक्षक ते तपासतात, आणि पुढे प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्यांऐवजी पूर्ण झालेल्या वर्क पॅकेजवर पैसे मिळतात. अर्धवट राहिलेल्या पॅकेजचे पैसे ते पूर्ण होईपर्यंत अडतात. त्यामुळे चार वर्षे चालणारे एकच भले मोठे पॅकेज करू नये. अहवालाच्या कालखंडांप्रमाणे त्याचे तुकडे पाडावेत, म्हणजे एका भागीदाराच्या दिरंगाईने सगळ्यांचे पैसे खोळंबत नाहीत.

प्रस्ताव मंजूर झाल्यावर आयोगाशी अनुदान करार होतो, आणि भागीदारांचा आपसांतला करार वेगळा करावा लागतो. त्याच्या मुख्य अटी, एक-दोन पानांत का होईना, प्रस्ताव पाठवण्यापूर्वीच ठरवाव्यात. ज्याने जे निष्पन्न केले त्याची मालकी त्याची, हा मूळ नियम आहे. पण प्रयोगशाळेत दोघांनी मिळून केलेल्या कामाची संयुक्त मालकी होते, आणि जर्मन संस्थेला आपल्या संयंत्रावर मिळालेली माहिती प्रसिद्ध करायची असते. आपली आधीची पेटंट्स आणि प्रक्रियेचे गुपित असलेली माहिती यांची यादी करारात जोडावी आणि त्यांतले काय कोणाला, कशासाठी वापरता येईल हे तेथेच लिहावे. प्रकल्पाच्या कामापुरता वापर इतर भागीदारांना विनामूल्य द्यावा लागतो, हे ध्यानात घेऊन ही यादी विचारपूर्वक करावी.

पुण्याच्या उपकंपनीविषयी स्पष्ट सांगतो. भारतातील संस्थांना होरायझन युरोपमध्ये भाग घेता येतो, पण त्यांना आपोआप निधी मिळत नाही. विषयात तशी तरतूद असेल किंवा त्यांचा सहभाग प्रकल्पासाठी अत्यावश्यक असल्याचे मान्य झाले तरच तो मिळतो. युरोपीय कंपनीची उपकंपनी असल्याने यात फरक पडत नाही. तेव्हा पुण्याच्या गटाला स्वखर्चाने येणारा सहयोगी भागीदार म्हणून घेता येईल. भारत-युरोपीय संघ व्यापार व तंत्रज्ञान परिषदेच्या पुढाकाराने विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापरासारख्या विषयांवर दोन्ही बाजूंनी समन्वय साधून अर्ज मागवण्याचा मार्गही खुला झाला आहे. तशा फेरीत भारतीय भागीदाराचा खर्च भारतीय बाजूने उचलला जातो, त्यामुळे तिच्यावर लक्ष ठेवावे. पुण्याकडे गाभ्याचे काम उपकंत्राट म्हणून सरकवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्या कामाची क्षमता गटात का नाही, असे परीक्षक विचारतील आणि ते रास्त असेल.

वेळापत्रकाचा विचार करता, अंतिम तारखेनंतर निकालाला सुमारे पाच महिने आणि त्यानंतर करारावर सह्या व्हायला आणखी तीन महिने लागतात. गट बांधायला आणि वर सांगितलेला तक्ता भरायला त्याआधी सहा महिने तरी हवेत. म्हणजे आज सुरुवात केली तरी पहिला पैसा यायला दीड वर्ष लागेल, आणि तोवर प्रक्रियेचे काम कंपनीच्याच पैशांवर चालवावे लागेल. पैसे मिळू लागल्यावरही अंतिम हप्त्यापूर्वी एकूण अनुदानाच्या ९० टक्क्यांपर्यंतच रक्कम हाती येते, हे रोख प्रवाहात धरावे.

सल्लागार नेमायचाच असेल तर विषयाचा तक्ता भरून झाल्यावर आणि मालकीच्या अटी ठरल्यावर नेमावा, आणि मसुद्याचे कठोर वाचन करण्यासाठी नेमावा. आपल्या देशातील राष्ट्रीय संपर्क अधिकारी, म्हणजे होरायझन युरोपच्या अर्जदारांना मार्गदर्शन करणारे अधिकारी, हे वाचन बहुधा विनामूल्य करतात, त्यामुळे पहिला फोन त्यांना करावा. सोबत विषयाचा क्रमांक, दोन पानांचा सारांश आणि भागीदारांची यादी पाठवावी.

पहिल्या प्रयत्नात यश आले नाही तर मूल्यमापनाचा अहवाल सर्व भागीदारांना त्याच दिवशी द्यावा. आधीच्या होरायझन २०२० कार्यक्रमात सुमारे १२ टक्केच प्रस्तावांना निधी मिळाला होता, त्यामुळे नकार हा प्रकल्पाच्या गुणवत्तेवरचा अखेरचा शब्द मानू नये. मात्र तोच मजकूर पुढच्या फेरीत जसाच्या तसा पाठवू नये, कारण विषयाची भाषा बदललेली असते. सध्याचा कार्यक्रम २०२७ मध्ये संपतो. २०२८ ते २०३४ साठी आयोगाने २०२५ च्या जुलैमध्ये १७५ अब्ज युरोंचा पुढचा कार्यक्रम प्रस्तावित केला आहे आणि त्याचा अंतिम आकार सदस्य देश आणि युरोपीय संसद ठरवतील. आपल्या गटाने २०२७ पर्यंतच्या उरलेल्या फेऱ्यांसाठी तयारी करावी, आणि त्यात न जमल्यास तोच तक्ता नव्या कार्यक्रमाच्या पहिल्या कार्यपत्रिकेशी ताडून पाहावा.